'टूथ अँड नेल' ऐकल्यानंतर: चळवळीचा गायक घरातले गाऊ लागला, तर त्याला माघार म्हणावे का?

प्रश्न

बिली ब्रॅग या इंग्रज गायक-गीतकाराशी माझी ओळख त्याच्या संघर्षाच्या गाण्यांमुळे झाली. १९८४-८५ मध्ये ब्रिटनमधील कोळसा खाणींतल्या कामगारांचा संप वर्षभर चालला. त्या काळात पूर्व लंडनच्या बार्किंग भागातून आलेला हा तरुण संपकऱ्यांच्या मदतीसाठी होणाऱ्या कार्यक्रमांत एकटाच इलेक्ट्रिक गिटार घेऊन गात होता. 'बिट्वीन द वॉर्स' हे गाणे त्याच दिवसांतले. पुढे १९८५ च्या अखेरीस तरुण मतदारांना मजूर पक्षाकडे वळवण्यासाठी 'रेड वेज' ही कलावंतांची आघाडी उभी राहिली, तिच्यातही तो अग्रभागी होता. 'देअर इज पॉवर इन अ युनियन' हे त्याचे गाणे, ज्याची चाल अमेरिकन यादवी युद्धातल्या एका समरगीताची आहे, मी माझ्या पडत्या काळात अक्षरशः औषधासारखे ऐकलेले आहे.

अशा श्रोत्याने त्याचा मार्च २०१३ मध्ये आलेला 'टूथ अँड नेल' हा अल्बम उशिरा का होईना पण मोठ्या अपेक्षेने ऐकायला घेतला. आधीच्या 'मिस्टर लव्ह अँड जस्टिस' या अल्बमनंतर पाच वर्षांनी तो आला होता आणि शीर्षकावरून मला वाटले होते की आत निकराची झुंज असेल. प्रत्यक्षात ही गाणी अतिशय हळुवार निघाली. कॅलिफोर्नियातील साउथ पॅसाडीना येथे जो हेन्री या निर्मात्याच्या घरातील तळघरात, अवघ्या पाच दिवसांत, मोजक्या वादकांना बरोबर घेऊन ही गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्यापूर्वी, २०११ मध्ये, ब्रॅगची आई वारली होती. एका गाण्यात तो चूक कबूल करताना माणसाला स्वतःचा अहंकार किती कठीणपणे गिळावा लागतो हे सांगतो, एका गाण्यात घरातली दुरुस्तीची कामे आपल्याला जमत नाहीत हे बायकोपाशी मान्य करतो, तर एका गाण्यात सगळ्यांचा निरोप घेतो. गाणी वाईट आहेत असे मी म्हणत नाही, परंतु ती ऐकताना मला सतत वाटत राहिले की ज्याला मी सभेत पाहिले होते त्याच्या दिवाणखान्यात मी आगंतुकासारखा बसलो आहे.

त्यानंतर मी त्याच वर्षी जून महिन्यात लंडनच्या युनियन चॅपेलमध्ये झालेल्या त्याच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि माझा गोंधळ वाढला. नव्या अल्बममधील जी गाणी मला घरात एकट्याने ऐकताना अंग चोरून बसल्यासारखी वाटली होती, तीच तिथे श्रोत्यांसमोर मोकळी झाल्यासारखी वाटली. कार्यक्रमाच्या शेवटी त्याने १९८३ चा आपला पहिला अल्बम संपूर्ण गाऊन दाखवला, कारण त्या अल्बमला तेव्हा तीस वर्षे होत होती.

माझा प्रश्न असा आहे: ज्या गायकाची ओळखच राजकीय आहे त्याने खासगी दुःखाचा अल्बम काढणे ही माघार मानावी, की आपल्यासारख्या श्रोत्यांचीच ऐकण्याची सवय अपुरी आहे? आणि अल्बम व कार्यक्रम यांत मला जो फरक जाणवला तो इतरांनाही जाणवला का?

पहिला प्रतिसाद

आपल्या प्रश्नाच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते आधी तपासून पाहावे असे मला वाटते. ब्रॅग पूर्वी राजकीय होता आणि नंतर खासगी झाला, असा क्रम आपण धरला आहे. पण त्याचा तो १९८३ चा पहिला अल्बम पाहा. 'लाइफ्स अ रायट विथ स्पाय व्हर्सेस स्पाय' या नावाच्या त्या छोट्या अल्बममध्ये सातच गाणी आहेत आणि सगळी मिळून जेमतेम सोळा मिनिटांची आहेत. त्यांपैकी बेकारीविषयी थेट बोलणारे गाणे एकच, 'टू हॅव अँड टू हॅव नॉट'. उरलेल्यांत बहुतेक प्रेमाच्या, प्रेमभंगाच्या आणि एकटेपणाच्या गोष्टी आहेत. त्यातले सर्वांत गाजलेले 'अ न्यू इंग्लंड' हे गाणे तर ध्रुवपदातच सांगते की मला जग बदलायचे नाही, नवा इंग्लंड घडवायचा नाही, मला फक्त दुसरी मैत्रीण हवी आहे. ज्या गायकाला आपण चळवळीचा गायक म्हणून ओळखतो, त्याची ओळख करून देणारे गाणे हे आहे.

त्या अल्बमच्या वेष्टनावर मात्र यासाठी २ पौंड ९९ पेन्सपेक्षा जास्त पैसे देऊ नका, अशी सूचना छापलेली होती. म्हणजे गाणी प्रेमाची आणि विक्रीची अट राजकीय. मला ब्रॅग कळला तो या वेष्टनावरून. त्याचे राजकारण गाण्याच्या विषयातच शोधायचे ठरवले, तर निम्मे हातून निसटते.

आपण जी शंका आज विचारता आहात ती १९९६ मध्येही विचारली गेली होती. मुलाच्या जन्मानंतर काही वर्षे कामापासून बाजूला राहून त्याने 'विल्यम ब्लोक' हा अल्बम काढला. त्यातल्या 'ब्रिकबॅट' या गाण्यात तो म्हणतो की एके काळी मला मोठमोठ्या समारंभांत स्फोट घडवावेसे वाटत, आता मी न्हाणीघरात बाळाबरोबर सापडेन. त्याच अल्बममध्ये 'हृदयाचा समाजवाद' ही त्याची कल्पनाही आहे. बाळाला न्हाऊ घालणारा माणूस आणि समाजवादी माणूस हे एकच आहेत, असे तो तेव्हाच सांगत होता. 'टूथ अँड नेल'मध्ये त्या माणसाचे वय वाढले आहे आणि त्याच्या पाठीशी आता आईवडील उरलेले नाहीत, एवढाच फरक मला दिसतो.

वडिलांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ब्रॅग अठरा वर्षांचा असताना, १९७६ मध्ये, त्याचे वडील वारले. त्या मृत्यूवरचे 'टँक पार्क सल्यूट' हे गाणे यायला १९९१ साल उजाडले. पंधरा वर्षे तो त्या विषयाला हात लावू शकला नव्हता. आईच्या मृत्यूनंतर दोनेक वर्षांतच तो हा अल्बम घेऊन उभा राहिला, यात मला माघार दिसत नाही. हे गाणे आपण ऐकले नसेल, तर नवा अल्बम पुन्हा ऐकण्यापूर्वी ते ऐकावे, अशी विनंती आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसाद मला मनापासून आवडला, तरी माझे मत वेगळे आहे आणि ते मला मांडावेसे वाटते.

गाणी खासगी आहेत याला माझी हरकत नाही. माझी हरकत वेळेबद्दल आहे. हा अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये आघाडी सरकारचे काटकसरीचे धोरण ऐन भरात होते. अल्बम बाजारात आल्यावर दोनच आठवड्यांनी, १ एप्रिल २०१३ पासून, ज्याला तिथले लोक 'बेडरूम टॅक्स' म्हणू लागले तो नियम लागू झाला. सामाजिक भाडेघरात, म्हणजे कमी भाड्याच्या सरकारी किंवा संस्थेच्या घरात, राहणाऱ्या कुटुंबाकडे एक खोली 'जास्त' आढळली तर घरभाड्याच्या सरकारी मदतीत १४ टक्के कपात, दोन किंवा अधिक खोल्या जास्त आढळल्या तर २५ टक्के कपात. अपंग माणसांच्या घरांतली उपकरणे ठेवण्याची खोलीसुद्धा 'जास्त' ठरण्याची वेळ आली. ज्या वर्गासाठी हा गायक तीस वर्षे उभा राहिला, त्याच्या डोक्यावरचे छप्पर मोजले जात असताना त्याने सुतारकाम जमत नसल्याबद्दल गावे, हे मला तेव्हा लागले होते आणि आजही लागते.

'देअर विल बी अ रेकनिंग' हे गाणे अल्बममध्ये आहे, द्वेष पसरवणाऱ्यांचा एक दिवस हिशेब होईल असे ते सांगते, हे मला ठाऊक आहे. पण बारा गाण्यांत ते एकटे पडते. घर गमावलेल्या माणसाचे जे एक गाणे तिथे आहे ते त्याने स्वतः लिहिलेले नाही. ते वुडी गथ्री या अमेरिकन लोकगायकाचे, तिथे १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी आणि कर्जांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांच्या काळातले आहे. आपल्या काळाचे गाणे लिहिण्याऐवजी त्याने उसने गाणे का घेतले, हा माझा प्रश्न आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

तिसरा प्रतिसाद

दुसऱ्या प्रतिसादातील तक्रार प्रामाणिक आहे आणि तिला उत्तर द्यायचे तर या गायकाच्या कामाची पद्धत थोडी बारकाईने पाहावी लागेल.

चालू घडामोडींवरची गाणी ब्रॅगने त्याआधीच्या दशकात अल्बमसाठी राखून ठेवलेली नव्हती. घटना घडली की काही दिवसांत गाणे लिहायचे आणि ते इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून द्यायचे, ही रीत त्याने अवलंबली होती. २०११ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील एका वृत्तपत्राने लोकांचे दूरध्वनी संदेश चोरून ऐकल्याचे प्रकरण पेटले, तेव्हा 'नेव्हर बाय द सन' हे गाणे त्याने असेच तातडीने आणले. अशी सुटी गाणी पुढे त्याच वर्षी 'फाइट साँग्ज' या नावाने एकत्र झाली. ज्याचे राजकीय लेखन आठवड्याच्या हिशेबाने चालते, त्याच्यासाठी अल्बम ही वेगळी जागा होते. जे वर्तमानपत्राबरोबर शिळे होणार नाही ते तिथे जाते. दोन वर्षे जुन्या विधेयकावरचे गाणे अल्बममध्ये ऐकण्यापेक्षा ते विधेयक संसदेत असतानाच ऐकायला मिळणे मला अधिक मोलाचे वाटते.

आता गथ्रीच्या गाण्याविषयी. 'आय एन्ट गॉट नो होम' हे गाणे गथ्रीने एका लोकप्रिय भक्तिगीतावरून रचले. मूळ भक्तिगीत म्हणते की हे जग माझे घर नव्हे, मी इथला वाटसरू आहे, माझे खरे घर स्वर्गात आहे. गथ्रीला ते ऐकून राग आला, कारण ज्यांची घरे याच जगात हिरावली गेली होती त्यांना हे गीत स्वर्गाची वाट पाहायला शिकवत होते. म्हणून त्याने त्याच चालीवर खरोखर बेघर झालेल्या मजुराची कैफियत लिहिली. ब्रॅगचा गथ्रीशी संबंध वरवरचा नाही. गथ्रीच्या मुलीने वडिलांची चाल न लागलेली गीते त्याच्या हाती सोपवली आणि १९९८ मध्ये त्याने 'विल्को' या अमेरिकन वाद्यवृंदासह 'मर्मेड अ‍ॅव्हेन्यू' हा अल्बम केला. त्या सगळ्या वारशासह त्याने हे गाणे २०१३ मध्ये अल्बममध्ये चौथ्या क्रमांकावर ठेवले. ज्या महिन्यात लोकांच्या खोल्या मोजल्या जाऊ लागल्या त्याच्या आदल्या महिन्यात हे गाणे बाजारात आले. उसने असले तरी ते नेमक्या ठिकाणी मांडलेले आहे, असे माझे मत आहे.

त्याच अल्बममधील 'डू अनटू अदर्स' हे गाणे अनेकांना भाबडे वाटते, कारण ते लूकच्या शुभवर्तमानातील एका शिकवणुकीवर उभे आहे: इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे. परंतु इंग्लंडमधील कामगार चळवळीचा इतिहास पाहिला तर हे गाणे तिच्या घरचेच आहे हे कळते. डॉर्सेट परगण्यातील टोलपडल गावच्या ज्या सहा शेतमजुरांना संघटना केल्याबद्दल १८३४ मध्ये ऑस्ट्रेलियाला हद्दपारीची शिक्षा झाली, त्यांच्यातील बहुतेक जण मेथडिस्ट पंथाचे होते आणि त्यांचा पुढारी प्रार्थनासभांत प्रवचने देत असे. त्यांच्या स्मरणार्थ टोलपडलला भरणाऱ्या उत्सवात ब्रॅग अनेकदा गायला आहे. तेव्हा युनियन चॅपेलसारख्या, १८७० च्या दशकात बांधलेल्या आणि आजही प्रार्थनास्थळ म्हणून चालू असलेल्या वास्तूत लाकडी बाकांवर दाटीने बसलेल्या लोकांसमोर तो गातो, तेव्हा मला त्या दोन परंपरा एका छताखाली आल्यासारख्या वाटतात. प्रश्नकर्त्यांना अल्बम आणि कार्यक्रम यांत जो फरक जाणवला त्याचे एक कारण ही जागाही असावी.

चौथा प्रतिसाद

मी गाण्याच्या अंगाने थोडे लिहिते, कारण आतापर्यंतची चर्चा शब्दांभोवतीच फिरली आहे.

तरुणपणीचा ब्रॅग गिटारच्या तारांवर अक्षरशः तुटून पडत असे आणि त्याच्या बार्किंगच्या बोलीतला आवाज त्या कर्कश सुरावर मात करण्यासाठी वर चढत असे. ढोल नाही, बास नाही, साथीला कोणी नाही. एका काळी तर तो ध्वनिवर्धक पाठीवर बांधून रस्त्यावर गायला होता. 'टूथ अँड नेल'मध्ये हे सगळे उलटे झाले आहे. ग्रेग लीझचे पेडल स्टील गिटार लांबून येणाऱ्या हाकेसारखे वाजते, जे बेलरोझ या वादकाचा ड्रम ठोका देण्यापेक्षा श्वास घेतल्यासारखा चालतो, आणि ब्रॅगचा आवाज आपल्या खालच्या पट्टीत स्थिरावला आहे. कोणाला ऐकू जावे म्हणून ओरडण्याची गरज त्याला उरलेली नाही. निर्माता स्वतः गायक-गीतकार असल्यामुळे त्याने आवाजाला मध्यभागी ठेवून बाकी सगळे बाजूला सरकवले आहे. आपल्याला आगंतुकासारखे वाटले ते या जवळिकीमुळे. ती उणीव आहे असे मला वाटत नाही, पण ती ऐकणाऱ्याकडून धीर मागते.

कार्यक्रमात मात्र गाणी एकटी येत नाहीत. ब्रॅगचा कार्यक्रम हा निम्मा बोलण्याचा असतो, आणि ते बोलणे पुढच्या गाण्याला हात देते. 'सिनिसिझम', म्हणजे कशातच काही अर्थ नाही असे मानणारी तुच्छतेची वृत्ती, हा आपला सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि त्यातही स्वतःच्या मनातली ती वृत्ती, असे तो व्यासपीठावरून वारंवार सांगत आला आहे. एवढे ऐकल्यानंतर 'टुमॉरोज गोइंग टू बी अ बेटर डे' हे शीळ घालत संपणारे साधे गाणे साधे राहत नाही. 'वेटिंग फॉर द ग्रेट लीप फॉरवर्ड्स' या १९८८ च्या गाण्याचे शब्द तर तो काळानुसार कार्यक्रमात बदलत आला आहे, म्हणजे जुने गाणेही त्या संध्याकाळच्या बातम्यांना उत्तर देऊ लागते. त्याच कार्यक्रमांत 'अ न्यू इंग्लंड' येते आणि त्यात एक जास्तीचे कडवे असते. ते गायिका कर्स्टी मॅकॉल हिने १९८४ साली हे गाणे गायले, तेव्हा तिच्यासाठी लिहिले होते. २००० साली तिचा अपघाती मृत्यू झाल्यापासून तो ते कडवे तिच्या आठवणीसाठी गातो आणि श्रोते त्याच्या बरोबरीने गातात. आता सांगा, हा क्षण खासगी की सार्वजनिक?

आपल्याकडच्या एका रचनेची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. शाहीर अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड निम्म्यापर्यंत निखळ विरहाची आहे. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरतो, तिचे रूप, तिचे दागिने, निघतानाची ताटातूट सांगतो. पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ येते आणि मग कळते की बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या भागांचीही गत त्या मैनेसारखीच झाली आहे. पहिला भाग वगळून कोणी दुसराच ऐकवला असता तर तो ठराव झाला असता. बायकोची आठवण हा त्या राजकारणाला चिकटवलेला गोडवा नाही, राजकारणाला भाषा मिळते ती त्या आठवणीतून. ब्रॅगच्या या अल्बममध्ये गाणे त्या दुसऱ्या भागापर्यंत पोहोचत नाही, हे दुसऱ्या प्रतिसादातील म्हणणे मला काही अंशी मान्य आहे. मात्र कार्यक्रमात ते पोहोचते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेले चार दिवस मी आपण सुचवलेल्या क्रमाने गाणी ऐकली. 'टँक पार्क सल्यूट' आधी ऐकले नव्हते. ते संपल्यावर मला काही काळ दुसरे काही लावता आले नाही, आणि त्यानंतर 'गुडबाय, गुडबाय' ऐकताना दिवाणखान्यात आगंतुक असल्याची भावना माझ्या मनात उरली नाही.

दुसऱ्या प्रतिसादातील मुद्दा मात्र मी सोडून देऊ शकत नाही. बेडरूम टॅक्सच्या वर्षातले त्याचे स्वतःचे गाणे या अल्बममध्ये असते तर मला आवडले असते, आणि सुट्या गाण्यांचा खुलासा पटला तरी ही इच्छा कमी होत नाही. अल्बम आल्यावर तीन आठवड्यांनी माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे निधन झाले. त्यांच्या धोरणांविरुद्ध ज्याने उमेदीची वर्षे घालवली, तो तेव्हा कॅनडाच्या दौऱ्यावर होता. त्याने आपल्या चाहत्यांना आनंद साजरा करण्याऐवजी संघटित होण्याचे आवाहन केले. हे मला या चर्चेनंतर नव्याने वाचावेसे वाटले. मृत्यू जवळून पाहिलेल्या माणसाचे ते शब्द आहेत, असे आता मला वाटते. हा अल्बम ऐकला नसता तर मला ते केवळ डावपेचाचे वाक्य वाटले असते.

युनियन चॅपेलचा शेवटचा भागही पुन्हा ऐकला. 'अ न्यू इंग्लंड' सुरू होते तेच वयाच्या उल्लेखाने: हे गाणे लिहिले तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, आता बावीसचा आहे, पण फार काळ राहणार नाही. त्या संध्याकाळी तो पंचावन्न वर्षांचा होता. एकही अंक न बदलता त्याने ती ओळ गायली आणि पुढची ओळ त्याने सुरू करण्याआधीच श्रोते गाऊ लागले.